पीकॉक रूम : एका खोलीची रंगसंगती आणि मोडलेली मैत्री

१/
१८७६ सालचा वसंत. लंडनच्या केन्सिंग्टन भागातील एका श्रीमंत घराचे भोजनगृह जवळजवळ सजून तयार झाले होते. उरला होता तो एक किरकोळ प्रश्न : दारांना आणि खिडक्यांच्या लाकडी झडपांना रंग कोणता द्यावा? घर सजवणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहणारा हा प्रश्न एका नामांकित चित्रकाराला विचारण्यात आला. वर्षभरात त्याचे जे उत्तर मिळाले, त्यात मौल्यवान चामड्याने मढवलेल्या भिंती निळ्या रंगाखाली गडप झाल्या, सुमारे दहा वर्षांची मैत्री संपली आणि कलेच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध खोल्यांपैकी एक जन्माला आली. तिचे नाव ‘पीकॉक रूम’. तिची ही हकीकत.

२/
प्रथम काळ समजून घ्यायला हवा. ‘खोलीत कोणता रंग शोभेल’ हा प्रश्न सामान्य माणसाला पडण्यासाठी आधी रंगांची निवड त्याच्या आवाक्यात यावी लागते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये तेच घडले. छापील भिंतकागदावरील विशेष कर १८३६ मध्ये रद्द झाला. पुढे हा कागद यंत्रावर छापला जाऊ लागला आणि स्वस्त झाला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पडदे, गालिचे, गाद्यांचे अभ्रे, भिंती यांना पूर्वी न पाहिलेले भडक रंग मिळू लागले. निवड वाढली आणि तिच्याबरोबर निवड चुकण्याची धास्तीही वाढली.

३/
रंग एकमेकांशेजारी आले की बदलतात, याचे शास्त्र तोवर मांडले गेले होते. मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या राजकीय विणकाम कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा रंगात दोष सापडला नाही. दोष शेजारच्या रंगांचा होता. निळ्या-जांभळ्याच्या संगतीत काळा आपला जोर गमावून बसत होता. १८३९ मध्ये शेव्ह्रलने या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की कोणताही रंग एकटा पाहिला जात नाही. शेजारी बदलला की रंग बदलतो. पीकॉक रूमची सारी कथा या एका वाक्यात सामावलेली आहे.

४/
शास्त्रामागून सल्लागार आले. ओवेन जोन्स याने १८५६ मध्ये आपल्या अलंकरणविषयक प्रसिद्ध ग्रंथात रूप आणि रंग यांचे ३७ नियम मांडले. चार्ल्स ईस्टलेकचे गृहसजावटीच्या अभिरुचीवरील पुस्तक १८६८ मध्ये आले आणि इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी पोहोचले. अ‍ॅग्नेस आणि ऱ्होडा गॅरेट या चुलत बहिणींनी गृहसजावट हा आपला व्यवसायच केला आणि १८७६ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. घर केवळ भारी वस्तूंनी भरलेले असून चालत नाही, त्या वस्तूंचे एकमेकींशी जमले पाहिजे, ही कल्पना मध्यमवर्गात रुजत होती. श्रीमंतांच्या घरी तर तिला चढाओढीचे रूप आले होते.

५/
अशा श्रीमंतांपैकी एक म्हणजे लिव्हरपूलचा जहाजमालक फ्रेडरिक लेलँड. जन्म १८३१ चा, घर गरिबीचे. बिबी नावाच्या जहाज कंपनीत तो पोरवयात कामाला लागला, एकेक पायरी चढत गेला आणि १८७३ मध्ये तो व्यवसाय त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. स्वभावाने तो करडा आणि अबोल होता. झालरीचा सदरा ही त्याची नेहमीची खूण. पियानो मात्र मनापासून वाजवी आणि चित्रांवर सढळ हाताने खर्च करी. लंडनमध्ये व्हेनिसच्या जुन्या व्यापारी सरदारासारखे राहावे, हे त्याचे स्वप्न होते. ‘४९, प्रिन्सेस गेट’ हे घर त्याने त्यासाठीच घेतले. पाडल्या गेलेल्या नॉर्थम्बरलंड हाऊसचा भव्य जिनाही त्याने या घरात आणून बसवला.

६/
त्या काळी लंडनच्या कलावर्तुळाला एका वेडाने झपाटले होते : चिनी मातीची निळी-पांढरी भांडी. यांतील उत्तम नमुने चीनच्या कांग्शी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२ या वर्षांत, घडलेले. पांढऱ्या मातीवर कोबाल्टच्या निळ्याने नक्षी काढायची, वर काचेसारखा लेप द्यायचा आणि प्रचंड उष्णतेत भाजायचे. म्हणून तो निळा दोनशे वर्षांनीही तितकाच टवटवीत. कवी-चित्रकार रोझेटी आणि व्हिस्लर यांनी ही भांडी हौसेने जमवली. मरे मार्क्ससारख्या व्यापाऱ्यांनी त्यांचा बाजार उभा केला. लेलँडनेही मोठा संग्रह केला. तो मांडण्यासाठी त्याला भोजनगृह हवे होते. म्हणजे या खोलीत सजावट भांड्यांसाठी होती. हा मूळ हेतू लक्षात ठेवण्याजोगा आहे.

७/
जेम्स मॅकनील व्हिस्लर हा या कथेचा दुसरा नायक. जन्म १८३४, अमेरिकेतील लोवेल गावी. लहानपण काही काळ सेंट पीटर्सबर्गमध्ये गेले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून काढून टाकले गेल्यावर त्याने पॅरिसमध्ये चित्रकला शिकली आणि मग लंडन गाठले. कुरळ्या काळ्या केसांत कपाळावर एकच पांढरी बट, जिभेला धार, आणि सहीच्या जागी फुलपाखरू. चित्राने गोष्ट सांगू नये, सुरांप्रमाणे रंगांचा मेळ साधावा, असे त्याचे मत होते. म्हणून तो चित्रांना ‘सिंफनी’, ‘अरेंजमेंट’, ‘हार्मनी’ अशी संगीतातील नावे देई. भिंत, चौकट आणि चित्र ही त्याच्या दृष्टीने एकाच रचनेची अंगे होती.

८/
लेलँड हा व्हिस्लरचा मोठा आश्रयदाता होता. लिव्हरपूलजवळच्या स्पीक हॉल या लेलँडच्या निवासात व्हिस्लर पाहुणा म्हणून राहत असे. त्याने लेलँडचे आणि त्याची पत्नी फ्रान्सिस हिचे पूर्णाकृती चित्र काढले. मैत्री किती जवळची होती, याची एक खूण कलेच्या इतिहासात कायमची राहिली आहे. व्हिस्लरच्या रात्रीच्या नदीचित्रांना ‘नॉक्टर्न’ हे पियानोरचनेचे नाव लेलँडने सुचवले आणि व्हिस्लरने ते आनंदाने उचलले. १८७६ च्या आरंभी व्हिस्लर प्रिन्सेस गेटच्या जिन्याच्या भिंतीवरील लाकडी फलक रंगवतच होता. त्यामुळे भोजनगृहाच्या रंगाबद्दल त्याचे मत विचारणे अगदी स्वाभाविक होते.

९/
ते भोजनगृह व्हिस्लरचे नव्हते, हे मात्र विसरता कामा नये. त्याची रचना थॉमस जेकिल या वास्तुशिल्पीची. खोली सुमारे ३४ फूट लांब, २० फूट रुंद आणि जवळजवळ १४ फूट उंच. जेकिलने भिंतींवर सोनेरी मुलाम्याचे, फुलांच्या नक्षीचे जुने चामडे चढवले. त्यापुढे अक्रोडाच्या लाकडाच्या नाजूक दांड्यांची मांडणी छतापर्यंत उभी केली आणि तिच्या लहान लहान कप्प्यांत भांडी ठेवली. छतावर ट्यूडर धाटणीची नक्षी होती आणि तिच्यातून गॅसचे दिवे लोंबत होते. चुलाण्यात सूर्यफुलाच्या आकाराचे धातूचे आधार होते. चामडे फार प्राचीन असून स्पॅनिश राजकन्येसोबत इंग्लंडला आल्याची दंतकथा होती. पुढील अभ्यासात ते डच बनावटीचे ठरले. पण किमती ते नक्कीच होते.

१०/
चुलाण्याच्या वर मानाच्या जागी एक चित्र होते. ते व्हिस्लरचेच, १८६४ च्या सुमारास रंगवलेले, ‘पोर्सेलिनच्या देशाची राजकन्या’ या अर्थाच्या फ्रेंच नावाचे. किमोनो ल्यालेली, हाती पंखा घेतलेली एक युरोपीय तरुणी. चित्रात करडे, गुलाबी आणि फिके रंग, पायांखाली निळा-पांढरा गालिचा. १८६५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले गेले होते. आता गाठ पडली ती इथे. जेकिलच्या चामड्यावर लाल फुले होती. व्हिस्लरला वाटले की त्या लालामुळे आपल्या चित्रातील नाजूक रंग मार खातात. शेव्ह्रलचा काळा धागा जणू लंडनच्या भोजनगृहात अवतरला होता.

११/
व्हिस्लरने उपाय सुचवला : भिंतींवर पिवळ्या रंगाचा हलका हात फिरवावा म्हणजे लाल दबेल, आणि छताखालच्या पट्टीवर व लाकूडकामावर लाटांसारखी नक्षी काढावी. नक्षीची कल्पना खोलीच्याच एका दारातील शिशाने जोडलेल्या काचेवरून घेतलेली. लेलँडने होकार दिला. काम थोडे, मित्र भरवशाचा, आणि धंद्यासाठी लेलँडला लिव्हरपूलला जाणे भाग. जेकिलची प्रकृती बिघडली होती आणि तो कामावरून दूर झाला होता. अशा रीतीने मालक गावी नाही, वास्तुशिल्पी आजारी, आणि खोलीत एकटा चित्रकार राहिला. किती रंगवायचे आणि किती पैसे द्यायचे, हे कागदावर कुठेच ठरलेले नव्हते.

१२/
रंगसंगतीचा एक स्वभाव आहे : एक जागा बदलली की दुसरी डोळ्यांना खुपू लागते. पिवळ्याचा हात फिरल्यावर अक्रोडाची मांडणी मळकट दिसू लागली म्हणून तिला सोनेरी मुलामा चढला. मांडणी सोनेरी झाल्यावर छत उघडे वाटू लागले. मग छताला बेगड लावली गेली, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा, सोन्यासारखा दिसणारा पातळ वर्ख. नुसती बेगड सपाट दिसते म्हणून तिच्यावर मोरपिसांची नक्षी आली. चेल्सीतील नावाड्याची मुले वॉल्टर आणि हेन्री ग्रीव्ह्ज ही व्हिस्लरला या कामात मदत करत होती. झडपांसाठी नुसता रंग सुचवायचा होता. त्या झडपांवर अखेर लांब पिसाऱ्यांचे सोनेरी मोर उभे राहिले.

१३/
मोरच का? मोर हा पक्षी मूळचा भारतीय उपखंडातील. युरोपात तो प्राचीन काळापासून वैभवाचे चिन्ह मानला गेला होता. त्या दशकांत जपानी छापील चित्रांचे आकर्षण वाढले होते आणि तिकडच्या पक्ष्यांच्या चित्रणाचा इंग्रज चित्रकारांवर मोठा प्रभाव पडत होता. शिवाय मोराच्या अंगावर निळा, हिरवा आणि सोनेरी हे तिन्ही रंग निसर्गतःच एकत्र नांदतात. मराठीने त्या मेळाला ‘मोरपंखी’ असे स्वतंत्र नाव दिले आहे आणि पैठणीच्या पदराने तो पिढ्यानपिढ्या जपला आहे. निळी भांडी आणि सोनेरी मांडणी यांना जोडणारे सूत्र व्हिस्लरला मोराच्या पिसाऱ्यात सापडले.

१४/
उन्हाळाभर काम चालले. व्हिस्लर लेलँडला पत्रांतून कळवत राहिला की खोली अपूर्व होत आहे, पण पूर्ण होईपर्यंत तिकडे येऊ नये. दरम्यान त्याने मालकाला न विचारता त्याच घरात मित्रांना, सरदार-मानकऱ्यांना आणि वृत्तपत्रवाल्यांना बोलावून खोली दाखवण्यास सुरुवात केली. दुसऱ्याचे घर हे त्याचे प्रदर्शनगृह झाले. ऑक्टोबरमध्ये लेलँड परतला आणि त्याने खोली पाहिली. व्हिस्लरने किंमत सांगितली : दोन हजार गिनी. ही रक्कम ऐकून त्या काळचा कोणताही व्यापारी चमकला असता. त्याहून मोठा प्रश्न हा की, हे काम मागितले होते कोणी?

१५/
लेलँडची बाजू साधी होती. इतका मोठा खर्च करण्यापूर्वी मला विचारायला हवे होते. झडपांवरील मोर कितीही मोलाचे असोत, मला त्यांची गरज नव्हती. हवे तर झडपा काढून न्याव्यात, मी नव्या बसवीन. व्हिस्लरची बाजूही त्याच्या लेखी तितकीच साधी होती. आपण खोली रंगवली नाही, कलाकृती निर्माण केली, आणि कलाकृतीचे मोल तिच्या निर्मात्याने ठरवायचे. घर सजवण्याच्या व्यवसायात हा तंटा आजही नवा नाही. मालकाला राहण्याजोगी जागा हवी असते, रचनाकाराला आपली रचना पूर्णत्वास न्यायची असते. दोघांच्या मनातील ‘थोडेसे काम’ सारखे नसते.

१६/
शेवटी लेलँडने निम्मी रक्कम दिली, पण गिनीत नव्हे, पौंडांत. पौंड म्हणजे २० शिलिंग, गिनी म्हणजे २१. फरक एका शिलिंगाचा. पण इंग्लंडच्या रीतीत कलावंत, वैद्य, वकील यांचा मेहनताना गिनीत मोजला जाई आणि कारागिराची व दुकानदाराची बिले पौंडांत चुकती होत. एक हजार गिनींऐवजी एक हजार पौंड देताना लेलँडने एक हजार शिलिंग वाचवले आणि त्याबरोबर चित्रकाराला रंगाऱ्याच्या पंगतीत बसवले. व्हिस्लरला तोटा पन्नास पौंडांचा झाला. झोंबला तो अपमान.

१७/
पैसे घेतल्यावर व्हिस्लर काम सोडून गेला नाही. हिशेब मिटला होता, पण खोलीचे दार त्याला अजून उघडे होते. तो पुन्हा आत शिरला आणि त्याने जेकिलच्या त्या किमती चामड्यावर प्रशियन निळा रंग फासला. लाल फुले कायमची गाडली गेली. हा निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये योगायोगाने सापडलेला, गडद आणि हिरवट झाक घेणारा. चित्राला मारक ठरणारा लाल गेला, हे खरे. पण त्यासोबत लेलँडची मालमत्ता आणि जेकिलचे काम हेही गेले. हा केवळ सूड होता की रचनेची अपरिहार्य पुढची पायरी? बहुधा दोन्ही. म्हणून तर ही घटना इतकी अवघड आहे.

१८/
केवळ रंगांचा विचार केला तर निवड अचूक होती. भोजनगृह ही रात्रीची खोली. झडपा मिटल्या की त्यांच्यावरील मोर समोर येत आणि गॅसच्या पिवळसर उजेडात सोने तेजाळे. गडद निळी भिंत प्रकाश शोषून मागे सरके आणि सोनेरी मांडणी पुढे येई. भांड्यांचे पांढरे अंग काळोखात चमके आणि त्यांवरची निळी नक्षी भिंतीच्या निळ्याशी नाते सांगे. राजकन्येच्या चित्रातील गुलाबी आणि करड्या रंगांना आता स्पर्धक उरला नव्हता. जमिनीवर निळा गालिचाही आला. छत, भिंत, लाकूड, जमीन, भांडी आणि चित्र ही सारी दोनच रंगांच्या कुळात बांधली गेली. व्हिस्लरने खोलीला नाव दिले : ‘हार्मनी इन ब्लू अँड गोल्ड’.

१९/
पण त्या सुसंवादातच त्याने भांडण रंगवून ठेवले. राजकन्येच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे घरमालक जेवायला बसला की नजरेसमोर राहील अशा जागी, दोन सोनेरी मोर आमनेसामने उभे केले. एक मोर ताठ, पिसारा फुलवलेला, पायांशी चांदीची नाणी विखुरलेली. ती नाकारलेली शिलिंगे. त्याच्या गळ्यावरची रुपेरी पिसे लेलँडच्या झालरीच्या सदऱ्याची आठवण देतात. दुसऱ्या अपमानित मोराच्या डोक्यावर एकच रुपेरी तुरा, म्हणजे व्हिस्लरची पांढरी बट. चित्राचे नावही त्याने ‘कला आणि पैसा’ असे ठेवले. फेब्रुवारी १८७७ मध्ये छापील पत्रक वाटून त्याने पत्रकारांना खोली दाखवली. मार्चमध्ये काम संपले. त्यानंतर ती खोली त्याने पुन्हा कधीच पाहिली नाही.

२०/
या झगड्यात सर्वांत कमी बोलला गेलेला माणूस म्हणजे जेकिल. खोलीचा सांगाडा, मांडणी, छत, सूर्यफुले हे सारे त्याचे, पण नाव झाले व्हिस्लरचे. १८७६ च्या अखेरीस जेकिलला गंभीर मानसिक आजाराने ग्रासले आणि तो पुन्हा कामावर परतला नाही. १८८१ मध्ये नॉर्विचच्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. आपली बिघडलेली खोली पाहून तो वेडा झाला आणि घरी जाऊन जमिनीला सोनेरी रंग देत बसला, अशी कथा पुढे चवीने सांगितली गेली. एका खोलीमुळे त्याला आजार जडला असे म्हणण्यास आधार नाही. त्याच्या कामाचे श्रेय मात्र त्या निळ्या रंगाखाली दीर्घकाळ झाकले गेले.

२१/
व्हिस्लरलाही ही खोली महाग पडली. सर्वांत मोठा आश्रयदाता हातचा गेला. १८७७ मध्येच समीक्षक जॉन रस्किनने त्याच्या एका चित्रावर जहरी टीका केली. व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर १८७८ मध्ये तो जिंकलाही, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे चलनातील जवळजवळ सर्वांत क्षुद्र नाणे. १८७९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. धनकोंच्या यादीत लेलँड होता. व्हिस्लरने त्या वेळी काढलेल्या व्यंगचित्रवजा तैलचित्रात लेलँड हा नाण्यांनी लगडलेला, पियानो वाजवणारा मोररूपी राक्षस आहे, आणि त्याचे आसन आहे चित्रकाराचे गमावलेले घर.

२२/
आणि लेलँडने काय केले? इथे कथेला सर्वांत अनपेक्षित वळण मिळते. चामडे बिघडवणाऱ्या, जाहीर बदनामी करणाऱ्या माणसाची खोली त्याने दुसऱ्याच दिवशी खरवडून काढली असती तरी कोणी दोष दिला नसता. त्याने तसे केले नाही. व्हिस्लरला त्याने दार बंद केले. पत्नीच्या सोबत पुन्हा दिसलास तर चाबकाने फोडीन, अशी धमकीही दिली. खोली मात्र होती तशीच ठेवली. मांडणीत निळी भांडी लावली आणि १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे पंधरा वर्षे, त्या लढणाऱ्या मोरांसमोर बसून तो जेवला. अपमान सहन करूनही सौंदर्य ओळखणारी दृष्टी त्याच्यापाशी होती, असेच यावरून म्हणावे लागते.

२३/
लेलँडनंतर संग्रह लिलावात विखुरला. ज्या भांड्यांसाठी खोली घडली, ती गेली, आणि खोली उरली. अमेरिकेतील डेट्रॉइटचा रेल्वे डबे बनवणारा उद्योगपती चार्ल्स फ्रीअर याने १९०३ मध्ये राजकन्येचे चित्र आणि १९०४ मध्ये आख्खी खोली विकत घेतली. फळ्या सुट्या करून ती समुद्रापार नेली आणि आपल्या घरात जोडली. फ्रीअरला लखलखीत निळी-पांढरी भांडी विशेष आवडत नसत. त्याने मांडणीत चीन, कोरिया, जपान, इराण, सीरिया येथील अडीचशेहून अधिक भांडी ठेवली. त्यांत मातकट, करडे, हिरवट, मोरपिशी चमक असलेले रंग होते. भिंती त्याच, पण खोली वेगळी दिसू लागली. शेव्ह्रलचा नियम पुन्हा खरा ठरला.

२४/
१९१९ मध्ये फ्रीअर वारला. त्याने राष्ट्राला दिलेल्या संग्रहासाठी वॉशिंग्टनमध्ये उभारलेले फ्रीअर कलादालन १९२३ मध्ये उघडले आणि पीकॉक रूम तिथे कायमची वसली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काजळी आणि जुने लेप काढून तिची स्वच्छता झाली आणि निळ्यातील हिरवी झाक पुन्हा दिसू लागली. २०११ मध्ये दालनाने फ्रीअरच्या काळातील छायाचित्रांच्या आधारे त्याची भांडी मांडली. पुढे लेलँडच्या वेळेप्रमाणे निळी-पांढरी भांडीही मांडून पाहिली. एकच खोली, दोन मालक, दोन रंगसंगती. यांतली खरी कोणती, याचे एकच उत्तर नाही.

२५/
‘माझे काम टिकेल आणि तुझे नाव राहिले तर पीकॉक रूमचा मालक म्हणूनच राहील,’ अशा अर्थाचे व्हिस्लरने लेलँडला सुनावल्याचे सांगितले जाते. पुढे बव्हंशी तसेच झाले. तरीही इतिहासाच्या न्यायासनापुढे लेलँडची तक्रार रद्द होत नाही. खोली सुंदर आहे म्हणून मालकाला न विचारणे योग्य ठरत नाही, आणि विचारले नाही म्हणून ती कुरूपही ठरत नाही. व्हिस्लरला रंगांचे शेजारधर्म अचूक कळले होते. त्या खोलीवर ज्या तिघांचा हक्क होता, त्यांच्यातला शेजारधर्म मात्र कोणीच पाळला नाही. दारांना रंग कोणता, हा प्रश्न विचारताना लेलँडने दुसरा प्रश्न विचारायचा राहिला : अखेरचा शब्द कोणाचा?